तिकडून इकडे लांब पडतं

कोणत्याही दोन विमानतळांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच असतं, असा एक गैरसमज शास्त्रज्ञांनी पसरवून ठेवला आहे. शास्त्रज्ञांची मुलं बहुधा परदेशात राहत नसावीत.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे अक्कांचा, एकुलता एक मुलगा परदेशात राहतो. वय बेचाळीस, घरात अजून 'बाळ'. त्याचं शहर आमच्यापासून सात हजार दोनशे किलोमीटर. जाताना वारा पाठीशी असतो म्हणून विमानाला साडेआठ तास लागतात, येताना तोच वारा तोंडावर, म्हणून दहा. (वारा मुलांच्या बाजूचा आहे असं आम्ही म्हणत नाही. वेळापत्रक म्हणतं.)

बाळला मूल झालं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, साडेआठ तास म्हणजे काय गं! जेवलीस, डुलकी काढलीस, की आलीस!" अक्का गेल्या. पाळणाघर बंद पडलं तेव्हा गेल्या. सूनबाईंना बढती मिळाली तेव्हाही गेल्या. दर वेळी अंतर किरकोळच भरलं.

यंदा अक्का न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच. अक्का म्हणाल्या, बाळ आल्याशिवाय मी भूल घ्यायची नाही. शेवटी मीच फोन लावला.

"काकू, अगं दहा तास!" बाळ कळवळला. "वर विमानतळावरचा खोळंबा, मग झोपेचं खोबरं. पोचेपर्यंत मीच पेशंट होईन."

मुद्दा रास्त होता. एका घरात दोन पेशंट कोण सांभाळणार? (मीच. पण हा विषय चर्चेला आला नाही.)

मग त्यानंच तोडगा काढला. "त्यापेक्षा आईच इकडे आली तर? तिकडून जवळ आहे. शिवाय व्हीलचेअर मिळते, रांगेत उभं राहायला नको."

मोडलेल्या खुब्याचा हा फायदा आमच्या डोक्यातच आला नव्हता. मी हसले. अक्का हसल्या नाहीत.

"खिडकीची सीट मिळेल का गं?"

"अक्का, तुम्हाला कुशीवर वळता येत नाही!"

"विमानात कशाला वळायचंय? पोराचा दीड तास वाचतो की."

डॉक्टरांना हवाई वाहतुकीतलं काही कळत नसल्यामुळे त्यांनी परवानगी नाकारली.

ऑपरेशनच्या सकाळी बाळचा आवाजी निरोप आला, "आई, मनानं मी तिथंच आहे." मनानं यायला शून्य मिनिटं लागतात. व्हिसा नको, सामानाला मर्यादा नाही. गैरसोय एकच, या वाहनातून उतरून कुणी उशाशी येऊन बसत नाही.

अक्कांनी निरोप दोनदा ऐकला, फोन माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आलाय. द्या आता भूल."

ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी माझं मनगट धरलं. मी बाळचा नंबर लावत होते.

"नको उठवूस त्याला," त्या पुटपुटल्या. "प्रवासानं दमला असेल."

हे वाचून तुम्हाला बाळचा संताप आला असेल, तर तो योग्यच आहे. मात्र अभ्यास एकांगी राहू नये म्हणून, ज्यांच्या आया त्याच गावात राहतात अशा मुलामुलींचीही मी पाहणी केली. अंतर सगळ्यांना तोंडपाठ होतं : वीस मिनिटं, तेही सिग्नल लागला तर. सगळे येत्या रविवारी जाणारच आहेत.

तुमचंही रविवारचंच ठरलंय ना?