विसूनानांचा कायदा

समस्त इंदूरकरांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, ज्याच्या अंगावर उपरणे, मफलर, सैल बाही किंवा इतर कोणतीही लोंबती वस्तू असेल, त्यास मल्हारगंजातील विसूनानांच्या खरादाजवळ प्रवेश नाही. हुद्दा, वय आणि पक्ष यांचा विचार केला जाणार नाही.

मध्यभारताची राजधानी त्या दिवसांत काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदुरात असे. कायदेही तिच्याबरोबर जा-ये करत असावेत, कारण आपल्याला हवा तो कायदा नेहमी दुसऱ्या गावी असायचा. विसूनानांचा कायदा मात्र बारा महिने मल्हारगंजातच, आणि तोही एका ओळीचा, शेवटी इंदुरी 'भैया' लावलेला: "फिरत्यापुढे लोंबतं नको, भिया."

खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचे यंत्र; लोंबते काही त्यात अडकले, की माणूसच ओढला जातो. नाना त्यावर लाटणी, पलंगांचे खूर, पाळण्यांचे खांब कातत. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. एकदा एक पुढारी सभेतल्या हारासकट आत शिरले, तर नानांनी मोटर बंद केली आणि हार उतरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरत बसले. बरीच सुपारी झाली. पुढाऱ्यांना त्या दिवशी तो एकच हार मिळाला होता.

हत्यार निवडण्यात तर ते फारच चोखंदळ. कोणी नवशिका पटाशी कोणती घेऊ म्हणून विचारायला आला, की आधी त्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत मापायचे. मूठ त्या मापाची हवी. आखूड मूठ असली आणि फिरत्या लाकडाने हिसका दिला, की पटाशी हातात राहत नाही, कपाळात जाते. जुनी कानस घासून पटाशी करणाऱ्यांशी तर ते बोलतच नसत. कानस कडक खरी, पण लाकडात अडकली की काचेसारखी फुटते.

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी होती. सुशी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून पोर खरादापाशीच वाढली. नाना मान न वळवता दिवसातून वीसदा तिला पदर खोचायला सांगत. तीन स्थळे त्यांनी स्वतःच परतवली. एकाला गळ्यातली साखळी काढवेना, दुसऱ्याला मफलर सोडवेना, तिसरा हात मापू देईना. सुशीला चोविसावे लागले. नानांना मुलगी उजवायचीच नाही, असे गल्ली बोलू लागली.

चौथे स्थळ उज्जैनचे. मनोहर, गिरणीत फिटर, वडिलांबरोबर आला. गळ्यात चक्क टाय. "आधी ही घोड्याची वादी काढा, फिर बैठो," नाना म्हणाले. त्याने निमूट काढली. पोहे आले. मग त्याने रुमालातून स्वतः केलेली एक पटाशी काढून नानांपुढे भेट म्हणून ठेवली. नानांनी ती उजेडात धरली. पात्यावर कानशीचे दाते अजून दिसत होते.

त्यांनी ती गोणपाटात गुंडाळली, ऐरणीवर ठेवली आणि हातोडी हाणली. दोन तुकडे झाले.

मुलाचे वडील टोपी घालून उठले. रागावला की आमच्याकडचा मराठी माणूस हिंदीत शिरतो. "ये तो सरासर बेइज्जती है," ते म्हणाले. दारात सुशीचा चेहरा पडला. हा मुलगा तिला आवडला होता, हे माझ्यासारख्यालाही कळले.

मनोहर मात्र उठला नाही. तुकडे उचलून मोडलेली कड निरखत राहिला.

"पोलादाचा दाणा जाड आहे, म्हणून फुटली," तो सावकाश म्हणाला. "मग करायची कशाची, नाना?"

 नाना दाराकडे वळून म्हणाले, "सुशे, पोहे आण आणखी. जमाईजींची बशी रिकामी आहे."

लग्नात रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी सात पटाश्या मांडलेल्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दोन विनोद करावेत म्हणून मीही वाकलो. पहिली मूठ जेमतेम वीतभर. दुसरी जरा लांब, तिसरी आणखी. सातवी सुशीच्या आजच्या हाताएवढी. पोरीचा हात वाढला, की नाना नवी मूठ कातत आले होते, आणि जुनी एकही त्यांनी टाकली नव्हती. मी विनोद न करताच सरळ झालो.

पाठवणीच्या वेळी सगळी गल्ली रडत होती. नाना कोरड्या डोळ्यांनी टांग्याच्या चाकाची खीळ तपासत होते. मंडळींनी त्यांना पुढे ढकलले, मुलीला आशीर्वादाचे दोन शब्द तरी बोला म्हणाले. नाना दुसऱ्या चाकाची खीळ तपासायला वळले. टांगा निघाला. चाके फिरू लागली. सुशीने मागे वळून हात हलवला, तसा शालूचा पदर घसरून चाकाशी लोंबू लागला.

विसूनाना अनवाणी टांग्यामागे धावले आणि साऱ्या मल्हारगंजाला ऐकू जाईल असे ओरडले, "सुशे, पदर खोच!"