अकरा वर्षांचं मौन

"नळ आला म्हना. ड्रम भरून घ्या म्हना," रुपाबाई शेळीला म्हणाली.

शेळीला नळाशी काही देणंघेणं नव्हतं. निरोप होता दोन हातांच्या अंतरावर तूर पाखडत बसलेल्या भागिरथाबाईसाठी. तिने मान वर न करता सूप एकदा आपटलं. एकदा म्हणजे बरं, दोनदा म्हणजे नाही. या दोघी जावा. भागिरथाबाई थोरली, रुपाबाई धाकटी. दोघींचे नवरे वारलेले. घर एक, अंगण एक, चूलसुद्धा एक. पण अकरा वर्षांत भागिरथाबाई जावेशी एक शब्द बोलली नव्हती. बाकी जगाशी ती भरपूर बोलायची. एवढ्या काळात घरात शेळ्या मात्र चार झाल्या, आणि चौघींनीही निरोप्याचं काम इमानेइतबारे केलं.

भागिरथाबाईचा मुलगा संघदीप त्या सकाळी धावतच अंगणात आला, कारण नेमक्या याच वेळी फाटकात ज्योत्स्ना मॅडम बॅग घेऊन उभ्या होत्या.

संघदीप गावच्या शाळेत शिक्षक. देशभरातल्या शिक्षकांनी कामरगावजवळच्या या खेड्यात पाच दिवस घरोघरी राहायचं आणि अहिंसा पुस्तकातून नव्हे, तर लोकांच्या रोजच्या वागण्यातून शिकायची, असा एक कार्यक्रम होता. ज्योत्स्ना मॅडम त्याच्या प्रमुख, पुण्याच्या. यजमानांसाठी एक फॉर्म होता. त्यात 'घरातील वातावरण' या रकान्यापुढे संघदीपने 'शांत' असं लिहिलं होतं. तसं ते खोटंही नव्हतं.

मॅडमसोबत केरळच्या एक शिक्षिका होत्या. जेवायला बसल्यावर दोघींच्या नजरेतून काही सुटलं नाही. रुपाबाईने शेळीला सांगितलं की भाजीत मीठ कमी आहे, भागिरथाबाईने सूप नव्हतं म्हणून ताटलीच दोनदा आपटली.

"सर, या दोघी एकमेकींशी बोलत का नाहीत?" मॅडमनी हळूच विचारलं.

भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि खाली चौकटीत पंचशील. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. संघदीपने भिंतीकडे पाहणं टाळलं.

"मौन आहे मॅडम," तो म्हणाला. "शब्दानंही दुसऱ्याला दुखवू नये म्हणून. अकरा वर्षं झाली."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वही काढली आणि जेवण थंड होईपर्यंत लिहीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरळच्या बाई दोघी जावांच्या मध्ये येऊन गुपचूप तूर निवडू लागल्या. दुपारपर्यंत गावात उतरलेले सगळे चौदा शिक्षक अंगणात मौन धरून मांडी घालून बसले. मुख्याध्यापक मारोतरावांनी सतरंजी आणली आणि तिच्यावर बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. तिसऱ्या दिवशी हे लोण गावात गेलं. चार-सहा सुनांनी सासूशी मौन धरलं. पानठेल्यावरच्या पुरुषमंडळींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला.

"मास्तर, हे बंद करा बापा," शेजारचा पवन चौथ्या दिवशी हात जोडून आला. "जेवाले कोनी बोलावत नाही. चटनी तिखट झाली म्हनलं तं बायको सूप आपटते. आमच्या घरचं सूप फाटलं."

आणि त्याच दिवशी मॅडमनी जाहीर केलं की, उद्या समारोपाला या दोन माऊली सर्वांसमोर मौन सोडतील.

संघदीपला पळता भुई थोडी झाली. कारण ते मौन नव्हतंच. तो साधा, कडू अबोला होता आणि त्याचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी रुपाबाई नात्यातल्या लग्नासाठी आसेगावला माहेरी गेली होती. तिची सोळा वर्षांची पौर्णिमा घरी तापाने फणफणली. भागिरथाबाईने साधा ताप समजून काढा दिला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये घातली, तर वाशीमच्या वाटेवरच पोर गेली. रुपाबाई आली, तिने पोरीचं तोंड पाहिलं आणि जावेला म्हणाली, "तुयाच हातानं गेली माही पोरगी." त्या दिवसापासून भागिरथाबाईने तिच्याशी तोंड बंद केलं.

"माय, येकच वाक्य बोल," संघदीपने आईला विनवलं. तिने त्याच्यासमोरही सूप दोनदा आपटलं.

तो काकूकडे गेला. रुपाबाई आधी पोट धरून हसली. "मौन! अन् मी रोज शेळीसंगं गोष्टी करून राह्यली, ते काय हाये?" मग तिचं हसू ओसरलं. "माह्या तोंडून येक शबुद गेला बाबू. तो मले वापस घ्याचा हाये. पन पौर्निमाचं नाव काढलं का ती उठून जाते. अकरा वर्सं झाली, उठूनच जाते. उद्या खुर्चीवर बसवशीन तिले? सगळ्याईसमोर?"

"बसवतो."

"मंग नाही उठनार. चार लोकायची लाज हाये तिले."

समाजमंदिरात मंडप लागला. मारोतरावांनी भागिरथाबाईला शाल पांघरली, एका हातात गुच्छ दिला, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मांडीवर मानपत्र ठेवलं. उठायची सोय राहिली नाही. माईकने एक शिट्टी मारली. रुपाबाईने तो दोन्ही हातांनी धरला.

"बाई," ती म्हणाली, "पौर्निमा तुयानं नाही गेली. त्या दिवशी मी बोलली ते तोंडातून निंगालं, मनातून नाही. मले माफ कर."

मॅडम टाळ्या वाजवायला तयारच होत्या. पण भागिरथाबाईचे ओठ हलत होते.

"मी तुयावर रागावलीच नोती, रुपा."

"मंग बोलली काहून नाही?"

"तोंड उघडलं असतं तं ते निंगून गेलं असतं. त्या दुपारी पोरगी म्हने, मोठी माय, आईले फोन लाव. मी म्हनलं, लगनघरात हाये, कायले घाबरवा तिले, उद्या येतेच हाये. तीनदा म्हनली रुपा. मी तीनदा नाही म्हनलं. हे तुले कोन्या तोंडानं सांगू? तुयं काळीज फाटलं असतं. म्हनून गप राह्यली."

संघदीपने धावत जाऊन माईकचं बटण बंद केलं. त्याने मॅडमना मारलेली थाप शब्दशः खरी निघाली होती. केरळच्या बाईंनी हिंदीत विचारलं की, त्या काय म्हणाल्या? तो 'बाद में' म्हणाला आणि काकूकडे पाहत राहिला. आता काकू छाती पिटून घेणार, आणि हे सगळं आपल्या एका थापेने झालं, एवढंच त्याला दिसत होतं.

रुपाबाईने छाती पिटली नाही. तिने खुर्ची जवळ सरकवली.

"मले फोन लाव म्हने?"

"हो."

"आईले, असं म्हने?"

"आईलेच."

"अकरा वर्सं मले वाटे, तापात पोरगी मले इसरून गेली. लोकायले इचारलं, कोनाले काही माहीत नाही. तू सांगत नाही." रुपाबाईने पदर तोंडात कोंबला आणि थोड्या वेळाने काढला. "तीनदा म्हनली?"

"तीनदा."

ज्योत्स्ना मॅडमनी आभार मानले, मारोतराव भाषणात अहिंसेवर पंचवीस मिनिटं बोलले, शिक्षकांच्या बॅगा जीपमध्ये चढल्या. दोघी कोणाला निरोप द्यायलाही उठल्या नाहीत. मंडपवाल्याने सगळ्या खुर्च्या एकावर एक रचल्या आणि शेवटच्या दोनसाठी ताटकळत उभा राहिला. संघदीपने त्याला हात करून थांबवलं.

"मंग? मंग काय म्हने?" रुपाबाई विचारत होती.

"पानी मांगे."

"अन् मंग?"

त्यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच. भागिरथाबाईने गुच्छ खाली ठेवला आणि त्या दिवशी पौर्णिमा सकाळी उठली तिथपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.