सासूबाईंचं बुबुळ

"डोळे? डोळे माझ्यावर सोडा!" मातियू म्हणाला, आणि छाती अशी फुगवली की ऑफिसातली चाकाची खुर्ची दोन फूट मागे सरकली.

वेलिंग्टनच्या मिरामार भागातल्या एका स्टुडिओत तो सिनेमासाठी कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायचा. सांगायला मूर्तिकार. पण आजवर त्याच्या वाट्याला आले होते ते घोड्यांचे खूर आणि राक्षसांच्या पायाची नखं. खूर मात्र असे करायचा, की खऱ्या घोड्याने लाजून पाय पोटाशी घ्यावेत!

नव्या सिनेमात दीपगृहात राहणारी एक म्हातारी होती. तिचं डोकं कॉम्प्युटरवरच घडवायचं होतं. सुरकुत्या झाल्या, ओठ झाले, कानाच्या पाळ्यासुद्धा लोंबून तयार झाल्या. राहिले डोळे. आणि नेमका डोळे करणारा माणूस जास्त पगाराच्या वासाने ऑस्ट्रेलियाला पळाला!

"मातियू, तू खूर करतोस," विभागप्रमुख फिलिपा शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाली.

"खूर काय नि डोळा काय, शेवटी गोलच की!"

दुसरं कुणी हात वर करेना. काम त्याला मिळालं.

त्याने दोन झकास गोळे केले, त्यांवर तपकिरी रंगाच्या चकत्या बसवल्या, मधे काळे ठिपके दिले आणि फिलिपाला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हातारीही तिच्याकडे बघत राहिली. कोण आधी नजर वळवतं असा सामनाच लागला होता म्हणा ना!

"मासळीच्या दुकानात बर्फावर स्नॅपर मासा ठेवलेला असतो ना," शेवटी फिलिपा म्हणाली, "तो असाच बघतो. अरे, डोळा म्हणजे गोटी नव्हे! पुढे पारदर्शक फुगवटा असतो, त्याच्यामागे रंगीत बुबुळ, उथळ बशीसारखं आत गेलेलं. खालच्या पापणीच्या कडेला ओलावा, कोपऱ्यात गुलाबी मांस. माणसांचे डोळे बघितलेस का कधी? जा, बघ!"

मातियू आज्ञाधारक. तो निघाला बघायला!

बसमध्ये समोर बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत त्याने असं काही डोकावलं, की बाईंनी आधी पर्स छातीशी धरली, मग केस सारखे केले आणि उतरताना हसून मान हलवली. दुर्दैवाने मागच्या सीटवर शेजारचे डेस्मंड बसले होते. डेस्मंड म्हणजे निवृत्त माणूस. दिवसभर काम एकच, दुसऱ्यांच्या घराकडे लक्ष ठेवणं. मातियू घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती!

"डोळ्यांत बघत होतास म्हणे," बायको, हुइया, बटाटे सोलता सोलता म्हणाली. सुरी जरा जास्तच जोरात चालत होती.

"अगं, कामासाठी!"

"कसलं काम? खुरांना डोळे फुटले का आता?"

एवढ्यात आतल्या खोलीतून शिट्टी वाजली. खरीखुरी शिट्टी! सासूबाई, नायरी, बाहेर आल्या. पूर्व किनाऱ्यावर जन्मभर नेटबॉलच्या पंच म्हणून उभ्या राहिलेल्या बाई. यंदा लेकीकडे राहायला आल्या, त्या शिट्टी गळ्यात अडकवूनच. इथेही शनिवारच्या पोरींच्या सामन्यांत पंच व्हायला त्यांनी नाव दिलं होतं. जावयाला त्या नावाने हाक मारत नसत. 'तो खूरवाला' म्हणत.

"थांबा दोघं! खूरवाल्या, तू बोल आधी."

मातियूने सगळं सांगितलं. म्हातारी, गोटी, स्नॅपर, सगळं.

"म्हातारीचे डोळे हवेत, आणि हा बघत फिरतोय बसमधल्या तरण्या बायांचे!" सासूबाई कडाडल्या. "घरात हे काय आहेत? बटणं? अरे, या डोळ्यांतून कधी फाउल सुटलेला नाही! घे, काढ फोटो!"

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात मुहूर्त लागला. मातियूने जवळून टिपणारी लेन्स आणली, टेबलावरचा दिवा बाजूने लावला. पण सासूबाईंना स्थिर बसणं ठाऊकच नव्हतं. लेन्स जुळवावी तर मान वळायची. "चहा ठेवलाय का कुणी?" "नळ गळतोय तुमचा." शेवटी वैतागून त्याने हुइयाची ओढणीवजा शाल घेतली आणि सासूबाईंचं डोकं खुर्चीच्या पाठीला बांधलं. हात सारखे मधे येत होते, म्हणून एप्रनच्या नाडीने तेही बांधले.

"हलू नका!" तो खेकसला. "इकडे बघा! डोळे उघडे ठेवा, म्हणतो ना! लपवू नका काही, मला सगळं दिसलं पाहिजे!"

खिडकीबाहेर कुंपणापलीकडे डेस्मंड टोमॅटोला पाणी घालत होते. त्यांना दिसलं ते एवढंच: म्हातारी खुर्चीला बांधलेली, तोंडावर प्रखर दिवा, आणि जावई अंगावर ओरडतोय! झारी टोमॅटोतच टाकून ते फोनकडे धावले.

दार वाजलं. दारात पोलीस! सहा फुटांचा, दारापेक्षा रुंद, कॉन्स्टेबल सामासोनी.

"सगळे शांत राहा," तो आत येत म्हणाला. "आजी, तुम्हाला इथे बळजबरीने बांधलंय का?"

"आजी कुणाला म्हणतोस?" सासूबाई बांधल्या जागेवरून गरजल्या. "नाव काय तुझं? सामासोनी? गिस्बर्नच्या संघात गोलच्या राखणीला एक सामासोनी खेळायची, ती तुझी कोण?"

कॉन्स्टेबलचा हात टोपीकडे गेला. "आई."

"धक्के मारायची! एका सामन्यात सात वेळा पकडली मी तिला."

"ती अजून म्हणते, त्यातले दोन चुकीचे होते," तो चाचरत म्हणाला.

"एकही चुकीचा नव्हता! सांग तिला. आणि तो दिवा जरा वर धरून उभा राहा, या खूरवाल्याला दोनच हात आहेत!"

तर अशा रीतीने न्यूझीलंडच्या पोलीस दलाच्या सहकार्याने फोटो निघाले. उत्कृष्ट निघाले! एकेक रेषा, एकेक शीर.

मातियू कामाला भिडला. बुबुळाचा धागा न् धागा घडवला. फोटोत दिसलं तसं तंतोतंत. आपल्या मनाचं काहीही नाही. आणि मग ताठ मानेने फिलिपाला हाक मारली.

"व्वा!" ती म्हणाली. मग वाकून म्हणाली, "अरेच्चा!" मग सरळ होऊन म्हणाली, "चुकलंय."

"काय चुकलंय?"

"बुबुळ. बशीसारखं आत हवं, तुझं पुढे फुगलंय. ओव्हनमध्ये खिमा भरलेल्या मीट-पायचा वरचा पापुद्रा फुगतो ना, तसं! हे बघ, बाजूने उजेड टाकला की नाकाकडचा अर्धा भाग सावलीत जातोय. तिथे उजेड पडायला हवा."

"जसं आहे तसं केलंय! फोटो बघ!"

"फोटोत काहीतरी गडबड असेल."

"फोटोत गडबड नाही. तुला काय म्हणायचंय, माझ्या सासूचे डोळे चुकलेत? मग तूच ये घरी आणि सांग तिला. मी तुझ्या घरच्यांना कळवण्याची व्यवस्था करून ठेवतो!"

आवाज चढले. आजूबाजूच्यांनी कानांतली इअरफोनची बोंडं काढली. फिलिपाही हट्टाला पेटली. स्टुडिओला अधूनमधून सल्ला देणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, टेट बाई. तिने त्यांना सरळ स्क्रीनवरच बोलावलं. "डॉक्टर, तुम्हीच निकाल द्या. हे बुबुळ बरोबर की चूक?"

डॉक्टर टेट बघत राहिल्या. मातियूने विजयी मुद्रा तयार ठेवली होती.

"हे बनवलेलं आहे की खरं?"

"फोटो खरा आहे. माझ्या सासूचा."

"दुसऱ्या डोळ्याचा दाखवा."

तोही तसाच.

"त्यांचं डोकं दुखतं का? संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात म्हणतात का?"

आता मातियूची विजयी मुद्रा घसरली. कालच गाडीतून येताना सासूबाई खाडीकाठच्या दिव्यांकडे बघून म्हणाल्या होत्या, "तुमची नगरपालिका हौशी हो! प्रत्येक दिव्याला इंद्रधनुष्य!" तो हसला होता. आणि डोकं तर रोजच दुखायचं. त्याचं खापर सासूबाई त्याच्या गाण्यावर फोडायच्या.

"आजच घेऊन या त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या नको."

फिलिपाने आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

पण सासूबाईंना आणायचं कसं? ज्या बाईने डोळ्यांच्या जिवावर जन्मभर शिट्टी वाजवली, तिला 'तुमचे डोळे तपासायचेत' म्हणणं म्हणजे वळूला लाल फडकं! मातियूने थाप मारली.

"आई, एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तुमचे फोटो पाहिले. म्हणतात, असे डोळे जन्मात पाहिले नाहीत! प्रत्यक्ष बघायचेत म्हणे."

"म्हणणारच!" सासूबाई म्हणाल्या, आणि नटायला गेल्या. हिरव्या दगडाचा लोलक, लिपस्टिक, लग्नकार्यातला कोट. हुइयाला मात्र स्वयंपाकघरातच त्याने खरं सांगितलं. कोट घालायला लागली तर तिला बाही सापडेना.

दवाखान्यात डॉक्टर टेट यांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांचा दाब मोजला, आणि मग समोर बसून सरळ सांगितलं. डोळ्यात पाणी तयार होतं आणि एका चिंचोळ्या फटीतून बाहेर जातं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत बुबुळ पुढे फुगल्याने ती फट मिटत आली होती. पुरती मिटली, की भयंकर कळा, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर नजर कायमची गेली. "कधीही झालं असतं," त्या म्हणाल्या. "आज बुबुळाच्या कडेला लेझरने बारीकसं छिद्र करते. मग पाण्याला वाट मिळेल."

सासूबाई हळूच जावयाकडे वळल्या.

"म्हणजे तू खोटं बोललास."

"हो, आई."

"असे डोळे जन्मात पाहिले नाहीत, असं ही बाई म्हणालीच नाही!"

"नाही, आई."

त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. दवाखान्यात वाजवतात की काय, म्हणून नर्ससुद्धा दचकली. पण हात तिथेच थांबला.

"माझ्या आईचा डावा डोळा असाच गेला," त्या म्हणाल्या. "कळा मारत होत्या, ती ओरडत होती, आणि आमच्या गावाहून दवाखाना लांब. सगळे म्हणाले, वयच झालं." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "करा काय करायचं ते. पण हिला बाहेर बसवा, ही रडतेय."

हुइया खरंच रडत होती. मातियूही रडत होता, पण त्याला कुणी बाहेर बसवलं नाही.

दोन्ही डोळ्यांचं काम झालं. परतताना त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. फिलिपाची गाडी, त्यात अनोळखी गिअर. मातियू जपून चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मातियू."

त्याने आधी मागे बघितलं. दुसरा कुणी मातियू बसलाय की काय!

"तू माझे डोळे राखलेस, बाबा."

एवढंच. त्याने मान वळवली. सासूबाईंच्या खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची एक बारीक रेघ उभी होती, गळत नव्हती, नुसती लकाकत होती. सिग्नल हिरवा झाला, मागचे गाडीवाले भोंगे वाजवायला लागले. सासूबाईंनी काच खाली करून त्यांना एक करकरीत शिट्टी ऐकवली!

पुढच्या आठवड्यात घरात तळलेल्या पावांचा डोंगर उठला. सासूबाईंनी पहिली परात डेस्मंडकडे नेली. "तुम्ही चोंबडे आहात," त्या म्हणाल्या, "पण माझा कुणी छळ केला असता तर तुम्ही एकटेच धावला असता. खा!" डेस्मंडना मान खाली घालून खाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसरी परात पोलीस ठाण्यात गेली, सोबत निरोप: सातपैकी एक फाउल कदाचित चुकीचा असेल. कदाचित! तिसरी फिलिपाला. मातियू तिच्यासमोर उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "तू हट्टाने भांडली नसतीस तर..." आणि वाक्य सोडून परातच पुढे केली.

"आधी बुबुळ आत घे," फिलिपा तोंडातला घास सांभाळत म्हणाली. तिचेही डोळे ओले होते, आणि तो निर्लज्जासारखा ते निरखत होता.

बुबुळ आत गेलं. खालच्या पापणीला ती बारीक ओली रेघ आली. आणि दीपगृहातल्या म्हातारीने स्क्रीनवरून असं काही बघितलं, की फिलिपाने नकळत तिला "गुड मॉर्निंग" म्हटलं!

सिनेमा लागला त्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरून सगळं गोत आलं. चुलत, मावस, आते, मामे. अख्खी रांग भरली. डेस्मंडही होते. मातियूच्या शेजारी सासूबाई, लोलक घालून. अंधार झाला, समुद्र आला, दीपगृह आलं. जिना चढून कॅमेरा वर गेला. पलंगावर मेणबत्तीच्या उजेडात म्हातारीचं डोकं, पडदाभर!

झोपलेलं.

मेणबत्ती विझली, जहाज आलं, वादळ झालं, सिनेमा पुढे गेला. म्हातारी पुन्हा काही दिसली नाही. दिग्दर्शकाला म्हणे शेवटी वाटलं, की मिटलेले डोळेच जास्त बोलके आहेत!

मातियू खुर्चीत इतका खाली घसरला, की त्याचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत रुतले. अंधारात सासूबाईंचा हात आला आणि त्याच्या हातावर घट्ट बसला.

"मला दिसलं, बाबा!" मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "इतक्या मागून, पण सगळं लख्ख दिसलं! पापण्यांचा केस न् केस काय सुंदर केलास रे!"

अख्खं थिएटर वळून बघायला लागलं. गोताने टाळ्या वाजवल्या.

"थँक्यू, आई," मातियू म्हणाला.

पापण्या केसांच्या विभागाने केल्या होत्या.