एझरा आजोबांचं फाटक

चार्ल्स्टनमध्ये पर्यटकांच्या घोडागाड्या हाकणारे लोक पुष्कळ आहेत. पण उद्या कुठला चेंडू निघणार हे आजच सांगू शकणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं वेंडेल ग्रिमबॉलचं ठाम मत होतं.

गाडी भरली की ती बाजाराजवळच्या नगरपालिकेच्या टपरीसमोर उभी करायची. आतली बाई यंत्र फिरवणार, एक रंगीत चेंडू घरंगळत बाहेर येणार, आणि ज्या रंगाचा चेंडू त्या रंगाच्या विभागातल्याच गल्ल्या दाखवायच्या. दुसऱ्या विभागात चाक गेलं की परवाना गेला!

"उद्या हिरवा," वेंडेलने भाच्याला सांगून टाकलं. "अकरा फेऱ्या आलेला नाही. आता त्याला यावंच लागेल!"

"मामा, नक्की ना?"

"लमार, तुझ्या आईच्या लग्नात मी म्हणालो होतो, हे सहा महिनेसुद्धा टिकायचं नाही!"

"मामा, आईबाबा अजून एकत्रच राहतात."

"ती माणसं झाली. हे चेंडू आहेत!"

चेंडूला मागच्या अकरा फेऱ्या आठवत नसतात, हे वेंडेलला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तरी त्याने तो चेंडूचा वेंधळेपणा मानला असता.

लमारची नड मोठी होती. त्याची मैत्रीण किआना दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या विमानाने सिअ‍ॅटलला निघणार होती, दोन वर्षांच्या नोकरीवर. त्याआधी तिला लग्नाची मागणी घालायची होती, आणि तीही एझरा आजोबांच्या फाटकासमोर! तिचे हे आजोबा नामांकित लोहार. त्यांनी घडवलेलं, वर चोचीला चोच लावलेले दोन बगळे असलेलं फाटक हिरव्या विभागातल्या एका घराला अजून होतं. किआना वाढली अटलांटात; फाटकाबद्दल तिने फक्त गोष्टींत ऐकलं होतं.

"आम्ही चालतच जातो ना तिथे," लमार म्हणाला होता.

"मागणी घालायला पायी? आपल्या घराण्यात?" वेंडेल कडाडला होता. "मी गाडी फाटकासमोर उभी करतो. मी हात वर केला की तू गुडघा टेक. बाकी माझ्यावर सोड!"

बाकी त्याच्यावर सोडलं गेलं.

सकाळी दहाला गाडी भरली. ओहायोहून आलेलं एक जोडपं, ड्वेन आणि मार्लीस, उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसलं. मग लमारबरोबर किआना आली, आणि तिच्या मागून, कुणी बोलावलेलं नसताना, काठी टेकत तिची आजी. एझरा लोहाराची बायको, मिस अर्लीन!

"नात चाललीय, म्हटलं तेवढीच सोबत," आजी म्हणाली. "हाक रे, वेंडेल."

वेंडेलने बिशपला चुचकारलं. बिशप म्हणजे गाडीचं खेचर. गाडी टपरीपाशी आली, यंत्र खडखडलं, चेंडू निघाला. लाल!

"पुन्हा फिरव, डोरीन."

"पुन्हा फिरवायला ही काय जत्रा आहे? हल पुढे, मागे चार गाड्या आहेत!"

लमारचा चेहरा उकडलेल्या शेंगेसारखा मऊ पडला. तो वेंडेलच्या शेजारी सरकला. "मामा, आता?"

"घाबरतोस काय? या गावात दर दहा पावलांवर लोखंडी फाटक आहे. किआनाने ते पाहिलेलं नाही. आजीला मोतीबिंदू. पक्षी असलेलं कुठलंही फाटक धरू!"

"मामा, हे खोटं होईल."

"बावीस वर्षं मी या गाडीवरून इतिहास सांगतोय. तुला काय वाटतं, सगळा खरा होता?"

लाल विभागातल्या तिसऱ्या गल्लीत पक्षी सापडले. बगळे नव्हते, पण पक्षी होते. वेंडेलने लगाम खेचला आणि आवाज चढवला. "मंडळी! हे पाहा, थोर कारागीर एझरा यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेलं फाटक!"

मार्लीसबाईंनी फोटो काढला. किआनाचे डोळे भरून आले.

"मला उतरवा," आजी म्हणाली.

किआनाचा हात धरून ती फाटकापाशी गेली आणि मान वर करून उभी राहिली. "वेंडेल ग्रिमबॉल, हे बदक आहे की बगळा?"

"आजी, गंज चढलाय ना... म्हणून जरा फुगलाय."

"गंजाने मान आखूड होते?"

"आजी, तुमच्या डोळ्यांना..."

"दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं मागच्या महिन्यात! आता मला शेवटच्या बाकावरून पाद्र्याच्या बाहीवरचा रश्श्याचा डाग दिसतो!" आजीने बिजागरीवर काठी आपटली. "आणि हे बघ! वेल्डिंग! माझ्या एझराने जन्मात लोखंड असं चिकटवलं नाही. हे त्या दुसऱ्या लोहाराचं, लॉनी बेकनचं काम. उघडून बघ, डुकरासारखं किंचाळेल!"

ड्वेनने खाली उतरून उघडून पाहिलं. किंचाळलं.

या सगळ्यात बिशपला मात्र छान निवांतपणा मिळाला होता. त्याने मागचे पाय फाकवले आणि मोकळा झाला. बराच वेळ मोकळा होत राहिला. अशा वेळी नियम साधा आहे: गाडीवानाने जागेवर वजन बांधलेली झेंडी टाकायची आणि धुवायची गाडी बोलवायची. वेंडेलने फोन लावला, झेंडी उचलली आणि ती फेकायला हात वर केला.

हात वर झालेला पाहताच लमारने गाडीतून उडी मारली आणि फाटकासमोर गुडघा टेकला.

रस्त्याचा उतार फाटकाकडे होता. आणि पाणी कुठलंही असो, उताराकडेच जातं.

"किआना," लमार म्हणाला, "तुझ्या आजोबांच्या या फाटकासमोर..."

"त्यांचं नाहीये ते!" आजी.

"...त्यांच्या नसलेल्या फाटकासमोर मी तुला विचारतो..."

"थांब," किआना म्हणाली. "तुला माहीत होतं हे त्यांचं नाही?"

लमारने मामाकडे पाहिलं. मामा बिशपच्या कानांकडे पाहत होता.

"हो. टपरीपासून माहीत होतं."

"आणि तू कशात बसलायस, तेही माहीत आहे?"

"ते आत्ता कळतंय. गरम आहे."

"मग उठ ना!"

"उठलो तर पुन्हा बसायचा धीर होणार नाही. आणि तुझं विमान तीनला आहे."

एवढ्यात पाण्याची गाडी आली. चालक नळी घेऊन उतरला. "भाऊ, झेंडीपासून बाजूला!"

"एकच मिनिट!"

"मिनिटभरात ते दगडात मुरतं," चालक म्हणाला आणि त्याने तोटी उघडली.

लमार भिजला, अंगठीची डबी भिजली, पण गुडघा हलला नाही. किआना आधी ओठ दाबून उभी राहिली. मग ती जी हसायला लागली, ती फाटकाला धरूनच! फाटक पुन्हा किंचाळलं.

"हो! अरे हो, बाबा, हो! उठ आता!"

आजीने लमारला काठीचं टोक देऊन उठवलं. "हो म्हणालीस ते चांगलं केलंस," ती नातीला म्हणाली. "कुठे म्हणालीस ते बाहेर बोलू नकोस. लॉनीच्या पोरांना कळलं तर इथे पाटी लावतील! चला, खरं फाटक तीन गल्ल्या पलीकडे आहे. आणि तू रे वेंडेल, आमच्या मागे येऊ नकोस!"

वेंडेलला येता आलंही नसतं. तीन पाठमोऱ्या आकृत्या, त्यातली एक ओलीचिंब, लाल विभागाच्या बाहेर जाईपर्यंत तो पाहत राहिला. मग गाडीवर चढला, घसा खाकरला आणि लगाम हातात घेतला.

मार्लीसबाईंनी शेंगेचं टरफल पिशवीत टाकलं. "फारच छान बसवलंय हो तुम्ही नाटक! मुलगा-मुलगी तर अगदी खरे वाटले. फक्त ते आजीचं काम करणाऱ्या बाई... जरा जास्तच करत होत्या, नाही?"

वेंडेलने लगाम झटकला.

"नवीन आहेत," तो म्हणाला. "सांगतो मी त्यांना."