कायमच्या नंबरांचे वानखडे

"हात नका लावू! कमलाबाई, त्या बटनाले हात नका लावू, मरून जाईन मी!"

ग्रंथालय झाडणाऱ्या कमलाबाईच्या हातात नुसता मोबाईलचा चार्जर होता. पण आमचे वानखडे असे ओरडले की जठारपेठेतली कुत्रीही भुंकायची थांबली.

"तुमी काई मरत नाई, साहेब," कमलाबाई म्हणाली, "लय तर मशीन बंद पडंल."

"तेच तं!"

वानखडे म्हणजे आमच्या अकोल्याच्या कॉलेजातल्या ग्रंथालयाचे कॉम्प्युटरवाले. जुनी मासिकं, नकाशे, म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, सगळं त्यांनी कॉम्प्युटरात भरलं आणि प्रत्येक वस्तूला एक कायमचा नंबर दिला. वस्तू कुठेही हलवा, नंबर तोच. सर्व्हरला नंबर सांगा, तो तिचा आजचा ठिकाणा सांगतो. हा सर्व्हर त्यांनी एकट्यानं उभा केला आणि त्या दिवसापासून माणूस भ्यायला लागला. उंदराला, विजेला, प्राचार्यांच्या उत्साहाला. अकोल्याच्या मे महिन्यात टेबलावरचं अंडं दुपारपर्यंत पिल्लू होऊन पाणी मागतं; तेव्हा यांनी घरचा कूलर सर्व्हरपुढे आणून लावला आणि स्वतः घरी ओली चादर पांघरून झोपले.

रोज सकाळी ते पहिला नंबर उघडत, हेडफोन लावून क्षणभर ऐकत, मगच चहा.

"काय ऐकता हो?" मी एकदा विचारलं.

"चाचणी हाय. हा उघडला म्हंजे सारे उघडतात."

एकदा मी एक निकामी नंबर पुसायला सांगितला, तर अंगावरच आले. "काहून पुसता? दिलेला नंबर पुसत नसतात! वस्तू गेली तं तिथं पाटी लावाची, का इथं अमुक होतं."

मग हुकूम आला: सर्व्हर अमरावतीच्या शाखेत हलवा. वानखड्यांनी तो गोधडीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "पोरगं का पोरगी?" मी हसलो. वानखडे गोधडीचं टोक सारखं करत राहिले. मूर्तिजापूरच्या पुढे बस एका खड्ड्यात अशी उडाली की माझा चष्मा थेट ड्रायव्हरच्या नाकावर जाऊन बसला. वानखड्यांनी डोळे मिटून घेतले.

अमरावतीत मशीन लावलं. त्या खड्ड्यानं डिस्कचा एक कोपरा खाल्ला होता. बिघडलेलं सगळं कॉपीवरून परत आलं. पहिला नंबर तेवढा आला नाही.

"त्याची कॉपी?"

"नाई केली. घरची फाईल होती. कॉलेजच्या जागेत तिच्या कॉप्या कशा ठेवू?"

"होतं काय त्यात?"

"आमच्या मंडळीचा आवाज. माइक तपासाले बोलली होती. 'भाजी गार होऊन राहिली, घरी या.' एवढंच."

वहिनी तो आवाज भरल्यावर त्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या.

वानखड्यांनी कीबोर्ड ओढला. पहिल्या नंबरावर एक ओळ लिहिली: येथे एक आवाज होता.

मग मला वाटलं, रोज सकाळी हे कशाला पाहायचं या माणसानं?

"वानखडे, हा नंबर राहू द्यायचा? का काढून टाकू?"

"पुसत नसतात," ते म्हणाले.