गुणोबाबची उलटतपासणी

भूत पाहिलेला माणूस सापडला की आमचे शेजारी गुणोबाब त्याला सोडत नाहीत.

पेडण्याहून येऊन मी सर्वणला बिऱ्हाड केलं, तेव्हा लोकांनी आधी हेच बजावलं की वळणावरच्या विहिरीपाशी तिन्हीसांजेला थांबू नका. तिथं जीव दिलेली बाई दिसते. विहिरीसमोरच गुणोबाबचं घर. ते सोप्यावर बसलेलेच असतात.

"साडी खंयची?"

"पांढरी."

"चूक. हिरवी. केस?"

"मोकळे."

"चूक. घट्ट खोपो. पाय?"

"उलटे."

"चूक. डावो मात्सो लंगडतालो, पूण सुलटो."

या परीक्षेत आजवर कुणी पास झालेलं नाही. भूत बघून आलेला माणूस शेवटी स्वतःच खजील होऊन घरी जातो.

एकदा त्या वळणावर एका ट्रकवाल्याचा अपघात टळला. गावच्या राखणदाराला, देवचाराला देतात तसा त्यानं विहिरीच्या कठड्यावर रोट आणि फेणीची बाटली ठेवली. गुणोबाब भडकले. "ती काय देवचार? जल्मांत कधी सोरो पियेंवक ना तिणें." बाटली त्यांनी उचलून घरात नेली. पुढं तिचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण त्या संध्याकाळी त्यांचा आवाज बराच मऊ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः कठड्यावर एक उंडो आणि कोपभर चहा ठेवला.

मी चेष्टेनं म्हटलं, "गुणोबाब, भुताला पाव-चहा आवडतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवय माझी ती," ते म्हणाले.

माझी चेष्टा जागीच विरली.

"लोक म्हणटात उडी मारली. फट, साफ खोटें. शेवाळाचेर पांय निसरलो. चुलीर चाय दवरून गेल्ली. 'येतां' म्हणून माका सांगून गेल्ली. उडी मारपी बायल अशें सांगता?"

"म्हणजे भूतबित काही नाही," मी त्यांना धीर द्यायला म्हटलं.

ते विहिरीकडे बघत राहिले. "ती आसा जाल्यार बरें. सगळ्यांक दिसता म्हणटात, माका मात केन्नाच दिसूंक ना. म्हणून विचारतां. कोण तरी एकदां हिरवी म्हणत."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो, आणि तो आईची वाट बघत होता.

तेवढ्यात दूधवाला सायकलवरून उतरला आणि काल आपल्याला बाई दिसल्याचं सांगू लागला.

"साडी खंयची?" गुणोबाबनी विचारलं. माझाही जीव कानांत गोळा झाला.

"पांढरी."

"चूक," गुणोबाब म्हणाले, आणि कठड्यावरचा गार झालेला चहा बदलायला आत गेले.