चोवीस इंची गळा

एका संगणकभाषेतला प्रोग्राम दुसरीत नेणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! म्हणूनच सासूबाईंच्या शिवणाच्या दुकानातला, सासऱ्यांनी तरुणपणी लिहिलेला मापांचा प्रोग्राम मी नव्या भाषेत आणायला घेतला.

"चाललंय ते बरं चाललंय हो," सासूबाई म्हणाल्या. "अग्निशमन दलाच्या बँडचे सोळा कोट आलेत. कापड त्यांचं. वाया गेलं तर दुकान विकावं लागेल!"

"आई, निर्धास्त राहा!"

जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाची सहा मापं ओळीनं ठेवलेली. गळा, खांदा, छाती, बाही, कंबर, उंची. काय हा गबाळा क्रम! नव्या भाषेत मी नावं छान अकारविल्हे मांडली: उंची, कंबर, खांदा, गळा, छाती, बाही. अगदी शाळेच्या हजेरीपटासारखी! आकडे होते त्याच ओळीनं आत ओतले. वर बत्तीस पानांचं माहितीपुस्तकही छापून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना दुकानात कापड कापणाऱ्या मास्तरांचा फोन आला.

"जावईबापू, बँडप्रमुखांचा गळा चोवीस इंच?"

"गलेलठ्ठ असतील!"

"कोटाची उंची पंधरा?"

"फॅशन असेल!"

"आणि खांदा चाळीस. दारातून आडवं यावं लागेल त्यांना."

"मास्तर, कॉम्प्युटर कधी चुकतो का? कापा!"

फोन ठेवला, चहाचा कप उचलला आणि तसाच खाली आदळला. पंधरा इंच म्हणजे गळा! मी नावं हलवली होती, आकडे जागच्या जागी होते. पहिला आकडा गळ्याचा, तो आता पहिल्या नावावर, म्हणजे उंचीवर, जाऊन बसला होता! फोन लावला. मास्तर कापायला लागले की फोन उचलत नाहीत.

"सासूबाई सीरियस आहेत," असं साहेबांना सांगून मी धूम ठोकली. तासाभरात ते खरं होणारच होतं!

दुकानाच्या दारातूनच दिसलं, मास्तर कात्री पुसत होते. संपलं सगळं! मी थेट लोटांगण घातलं.

"आई, चुकलो! मापांचा घोळ मीच घातला! माझी गाडी विका! तुमचं जुनं मशीनही मीच बिघडवलं होतं!"

"अस्सं?" सासूबाईंनी मेजावरचा कापलेला कोट उचलला. तो खडखडला. कागदाचा होता!

"कापड कपाटात आहे. तुमच्याकडून काही आलं की आधी कागदावर कापायचं, असा दुकानाचा नियमच आहे."

"कधीपासून?"

"लग्नापासून," मास्तर म्हणाले.

कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांनी उठून टेप माझ्या गळ्याला लावली, मग खांद्याला, मग छातीला. "माप घेताना हात वरून खाली येतो हो. म्हणून तो क्रम."

मी नावं पुन्हा जुन्या ओळीत लावली. सोळाही कोट वेळेवर गेले, जीव भांड्यात पडला. मशीनचा विषय मात्र अजून मिटलेला नाही.

आणि तो कागदी कोट दुकानातल्या पुतळ्यावर आहे. कागद कुठला, म्हणता? माझंच माहितीपुस्तक, पानाला पान चिकटवून. गळ्यावर ठळक अक्षरांत अजून वाचता येतं: 'चूक होणे अशक्य!'